लिमये सरांच्या माडीवरची दिव्यदृष्टी

चार माणसं दर रविवारी एका खोलीत डोळे मिटून बसायला लागली, की किस्से आपोआप साठतात. डोळे उघडे ठेवून बसणाऱ्यांकडे एवढे साठत नाहीत, हा माझा अनुभव आहे. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी जन्म काढला, पण तिथले किस्से सांगायला घेतले तर चहा संपायच्या आत संपतात. लिमये सरांच्या माडीवरचे मात्र संपत नाहीत. एक सांगावा तर दुसरा म्हणतो, मला का वगळलं?

तर गोष्ट साताऱ्यातली, नव्वदच्या दशकातली. लिमये सर चित्रकलेचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठूनशी दोन-चार पुस्तकं मिळवली, पहाटे उठून प्रयोग केले आणि यादोगोपाळ पेठेतल्या आपल्या घराच्या माडीवर वर्ग सुरू केला. विषय : मनातलं चित्र स्पष्ट करत करत दूरचं, झाकलेलं, न दिसणारं पाहायला शिकणं. म्हणजे दिव्यदृष्टी. फी नाही. चहा मात्र सरांच्या पत्नीच्या, माईंच्या हातचा.

सरांचं म्हणणं सरळ होतं. "मुलाला घोडा काढायला सांगितला की तो म्हणतो, येत नाही. अरे, येत नाही कारण तू घोडा कधी नीट बघितलाच नाहीस! डोळे मिटून घोडा दिसला पाहिजे. आणि एकदा समोर नसलेला घोडा दिसायला लागला, की मग शेजारच्या खोलीतला का दिसू नये?"

या 'मग'पाशी मी अडायची. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, वय पंचविशीचं, लग्न व्हायचं होतं. शेजारच्या कमलमावशींना वर्गाला जायचं होतं आणि सोबत हवी होती, म्हणून मी गेले. आई म्हणाली, "जा, बघ काही दिसतंय का. आम्हाला तर तुझ्यासाठी कुठे काही दिसत नाही."

*

पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं, "डोळे मिटा. समोर लिंबू आणा. पिवळंधमक, रसरशीत, देठाशी जरासं हिरवं. फिरवून बघा. घाई नको."

मग एकेकाला विचारणं सुरू झालं.

कमलमावशी मूळच्या वाईच्या, हाताला विलक्षण चव असलेल्या. त्या म्हणाल्या, "सर, दिसलं. पण हातात आल्यावर राहवेना. चिरलं, मीठ लावलं, बरणीत भरलं."

"इतक्यात?"

"उन्हात पण ठेवून आले."

त्यांच्या शेजारी सुभेदार बसले होते. सुभेदार यादव, फौजेतून निवृत्त झालेले, कडेगावकडचे. गावाकडे ऊस, साताऱ्यात भाड्याची खोली. वर्गातही ते पाठ ताठ ठेवून बसत, जणू कुणी सलामी घ्यायला येणार आहे. ते म्हणाले, "सर, लिंबू आलं. एकदम क्लिअर. पर त्येला टाचण्या टोचल्याल्या हायत."

"टाचण्या?"

"आन् हळद-कुकू. कुनीतरी तिकाटण्यावर टाकल्यालं हाय. म्या त्येला हात न्हाई लावला."

सर जरा गडबडले. मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला?"

मी प्रामाणिकपणे म्हटलं, "मला फक्त काळोख दिसला."

"उत्तम!" सर एकदम खूश. "बाकीच्यांना काय काय दिसलं. डोळे मिटल्यावर जे दिसायला पाहिजे ते फक्त तुम्हाला दिसलं!"

मी विज्ञानाची असून या माणसाच्या वर्गाला वर्षानुवर्षं का जात राहिले, असं लोक विचारतात. आता काय सांगणार!

*

लोणंदचे पोपटशेठ कांद्याचे व्यापारी. दर रविवारी सकाळच्या एसटीने यायचे. माणूस अंगाने भरलेला, पहाटे उठलेला. त्यामुळे डोळे मिटा म्हटलं, की त्यांचे मिटायचे ते मिटायचेच. एका रविवारी ते चक्क घोरायला लागले.

कमलमावशी त्यांना हलवायला गेल्या. सरांनी खुणेने थांबवलं. "नको. ते खोल गेलेत."

वर्ग संपला, चहा आला, तेव्हा चहाच्या वासाने पोपटशेठ वर आले. सरांनी हळुवारपणे विचारलं, "कुठे गेला होतात?"

पोपटशेठनी तोंडावरून हात फिरवला. "सर, मी थेट लोणंदला गेलो होतो. माझ्या घरात."

सगळे सरसावून बसले. हीच तर वर्गाची पुढची पायरी! सर कुजबुजले, "कोण दिसलं?"

"मंडळी दिसली."

"काही बोलल्या?"

"बोलली ना. म्हणाली, इथं काय करताय? तिकडं क्लासला जाऊन नीट बसा!"

*

याच पोपटशेठचा ट्रक एकदा हरवला. लोणंदहून कांदा भरून आदल्या दिवशी निघाला होता, बंगळूरच्या वाटेवर. कोल्हापूरच्या दलालाकडे पोहोचल्याचा निरोप यायला हवा होता, तो आला नाही. तेव्हा मोबाइल कुठले! शेठ वर्गात आले तेच घामाघूम. कांदा नासेल ही काळजी होतीच, पण ड्रायव्हर बबन त्यांच्याकडे लहानपणापासून वाढलेला. "सर, ट्रक जाऊ दे खड्ड्यात. पण आमचं बबन्या..." एवढं बोलून त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

सर गंभीर झाले. आजवर लिंबं झाली, फुलं झाली, देवळाचे कळस झाले. आता खरी परीक्षा. "सगळ्यांनी डोळे मिटा. ट्रक आठवायचा नाही. बघायचा. जे दिसेल तेवढंच सांगायचं. उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं, ऐकलेलं, अंदाजाचं, काही काही मध्ये आणायचं नाही!"

आम्ही बसलो. खरं सांगते, त्या दिवशी मीसुद्धा मनापासून बघितलं.

कमलमावशींना घाट दिसला. मला पाणी दिसलं, नदी किंवा तळं. वर्गात तेव्हा नवीनच आलेले कॉलेजातले प्राध्यापक डोंगरे, त्यांना बाभळीची झाडं दिसली. सरांनी खडूने फळ्यावर नकाशा काढला, घाट, पाणी, बाभळी जोडल्या, आणि ट्रक निपाणीच्या पलीकडे कुठेतरी असावा असा निष्कर्ष काढला.

"सुभेदार, तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"मला काय दिसलं न्हाई, सर."

शेठ मान खाली घालून जिना उतरायला लागले. सुभेदार त्यांना सोबत म्हणून निघाले. जिन्यातच सुभेदारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "शेट, काळजी करू नगा. ट्रक हितंच साताऱ्यात, पवई नाक्यावर हुबा हाय. चाक खोललंय. बबन्या खाली पसरून झोपलाय."

वरून सर ओरडले, "तुम्हाला दिसलं? मग सांगितलं का नाही?"

"मला मगाशी येतानाच दिसलाय की! म्या हाक बी मारली त्येला. स्प्रिंगचा पाटा तुटलाय म्हनला, मेकॅनिक येतुया."

"अहो, मग इतका वेळ गप्प का बसलात?"

सुभेदारांनी टाचा जुळवल्या. "सर, तुमचा हुकूम व्हता. उघड्या डोळ्यांनी बगितल्यालं मधी आनायचं न्हाई!"

शेठनी सुभेदारांना मारलं नाही, मिठी मारली. बबनला मात्र पवई नाक्यावर जाऊन दोन्ही केलं म्हणे.

*

सुभेदारांना दिव्यदृष्टी नव्हती असं कुणी म्हणू नये. त्यांच्या गावात विचारा.

त्यांच्या भावाची म्हैस दावं तोडून गेली. रात्रभर शोधली, मिळाली नाही. दुभती म्हैस, घरात लेकरासारखं लाडकं रेडकू ओरडतंय, भावजय रडतेय. सुभेदार त्या दिवशी गावाला गेलेले. भावजय म्हणाली, "आवं दाजी, साताऱ्याला येवढं शिकाय जाताय, तर बगा की जरा!"

सुभेदार ओट्यावर बसले. डोळे मिटले. सगळं गाव गोळा झालं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "उसात हाय."

"कुनाच्या उसात?"

"हिरव्या."

आता कडेगावच्या त्या बाजूला उसाशिवाय असतंय काय! पण चार पोरं उसात शिरली, आणि म्हैस निघाली. पाटाच्या कडेला आरामात बसली होती.

झालं. गावाकडे गेले की सुभेदारांच्या दारात रांग. कुणाची शेळी, कुणाची सायकल, कुणाची पाण्याची मोटर. सुभेदार डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "उसात हाय." दहातल्या सात वेळा मिळायची! चोर तरी वस्तू लपवणार कुठे?

एकदा सरपंचांचा जावई रुसून निघून गेला. दिवसभर पत्ता नाही. मुलीच्या तोंडचं पाणी पळालेलं. सरपंच स्वतः आले. सुभेदारांना पेच पडला. जावयाच्या बाबतीत असं कसं म्हणणार? ते सरांना सांगत होते, "सर, म्या लय जोर लावला. एसटी स्टँड बगितला, त्येच्या गावाकडची वाट बगितली. पर नजर फिरून फिरून तितंच."

"मग?"

"मग काय? सरपंचांच्या कानात सांगितलं."

"सापडला?"

"सापडला की. हाय ऊस खात बसल्याला! उपाशी रुसून किती वेळ ऱ्हानार गडी?"

*

कमलमावशींनी मात्र विद्या वेगळ्याच कामाला लावली. त्यांचा मुलगा आणि नवी सून पुण्यात. मावशी एकट्या, इथून तिथली काळजी करणाऱ्या. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून त्या फोन लावत, मी सोबत असायचीच. एकदा सूनबाईला म्हणाल्या, "अगं, मला हल्ली इथून तुझं स्वयंपाकघर दिसतं. ओट्यावर भांडी राहिलीत ना?"

पलीकडून चाचरत उत्तर आलं, "हो आई. दोनच."

मावशींनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. रविवारच्या सकाळी ओट्यावर भांडी नसलेलं घर पुण्यात तरी कुठे असतं?

हे चालू राहिलं. "गॅसवर दूध ठेवलंयस बघ." "धुणं आत घेतलं नाहीस का?" सून घाबरून असायची. मला वाईट वाटायचं. मी म्हटलंसुद्धा, "मावशी, पोर दबून जाईल." त्या म्हणायच्या, "अगं, मला तरी दुसरं काय बोलायला सुचतं तिच्याशी? नवी आहे, मोजकंच बोलते. फोन ठेवला की घर खायला उठतं बघ."

मग एकदा सूनबाईला धीर आला. म्हणाली, "आई, एवढं सगळं दिसतं ना तुम्हाला? मग सांगा बरं, आत्ता या क्षणी मी काय करतेय?"

मावशी फसल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. बूथवाला मीटरकडे बघायचं सोडून मावशींकडे बघायला लागला. मावशींनी खरंच डोळे मिटले. रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. आणि हळूच म्हणाल्या, "हसतेयस."

पलीकडून असा हसण्याचा फवारा आला, की मला बूथच्या दाराशी ऐकू आला!

तेव्हापासून त्या दोघींचं इतकं जमलं, की मुलगाच तक्रार करायला लागला. म्हणायचा, "आई, तुला इथलं सगळं दिसतं, पण मी कुठे दिसतच नाही!"

*

आता आमचा किस्सा. मघाशी ज्या प्राध्यापक डोंगऱ्यांना बाभळी दिसल्या, ते. अविनाश डोंगरे. कॉमर्स शिकवायचे. उंच, किडकिडीत, बोलायला लागले की कानाच्या पाळ्या लाल.

सरांनी नवा अभ्यास काढला होता. समोरासमोर दोघांनी बसायचं आणि एकमेकांचं घर बघायचं. कधी न गेलेलं घर! माझ्यासमोर डोंगरे आले.

मी डोळे मिटले. नेहमीचा काळोख. मी म्हटलं, "दार बंद आहे, काही दिसत नाही." सगळे हसले.

डोंगऱ्यांनी डोळे मिटले आणि थांबून थांबून बोलायला लागले. "निळं दार आहे. दाराला पितळी कडी. डाव्या हाताला जाईचा वेल, तारेवर चढवलेला. पायरीवर... पायरीचा एक कोपरा फुटलेला आहे. वर गॅलरी. गॅलरीत पिवळी ओढणी वाळतेय. एक गृहस्थ खुर्चीत पेपर वाचतायत, चष्मा कपाळावर."

सगळं बरोबर! बाबांचा चष्मासुद्धा. पोपटशेठ पूर्ण जागे झाले. सर तर उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली तो विद्यार्थी मिळाला! ते म्हणाले, "डोंगरे, आणखी आत जा. घरात जा."

डोंगऱ्यांच्या पाळ्या लालभडक. "आत... आत अजून गेलो नाही, सर."

कमलमावशी इतका वेळ त्यांच्याकडे निरखून बघत होत्या. त्यांनी हात कपाळावर मारला. "अगंबाई! सर, हा तर तो सायकलवाला! रोज संध्याकाळी मान खाली घालून आमच्या गल्लीतून जातो. आणि चेन बरोब्बर हिच्याच दारात पडते!"

त्यानंतर जी शांतता पसरली, तशी ध्यानातही कधी पसरली नव्हती. डोंगरे डोळे उघडायलाच तयार नाहीत! मिटलेल्या डोळ्यांनीच त्यांनी चपला चाचपल्या आणि जिना उतरले. एक पायरी चुकलीसुद्धा.

मी घरी गेले. संध्याकाळी सायकल आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मला फार चुकल्यासारखं व्हायला लागलं. बाबांनी पेपरमधून डोकं वर काढून विचारलं, "तो चेनवाला हल्ली दिसत नाही गं?" म्हणजे बाबांनाही दिसत होतं! दिसत नव्हतं ते फक्त मला.

शेवटी मीच रविवारी वर्गात त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "माझा अभ्यास राहिला होता. तुमचं घर बघायचं होतं." डोंगरे म्हणाले, "डोळे मिटून?" मी म्हटलं, "नको. पत्ता सांगा."

लग्नात सर अक्षता टाकायला आले, तेव्हा ह्यांच्या कानात म्हणाले, "निरीक्षण उत्तम आहे हो तुमचं. चित्रकलेला असतात तर पैकीच्या पैकी दिले असते."

*

सरांची कीर्ती सांगलीपर्यंत गेली ती सुभेदारांच्या म्हशीमुळे. तिथल्या एका मंडळाने जाहीर कार्यक्रमाचं बोलावणं पाठवलं. सर नको नको म्हणत होते. "अहो, मला स्वतःला अजून काही नीट दिसत नाही!" पण पोपटशेठनी गाडीची व्यवस्था केली, सुभेदारांनी बंदोबस्ताची, आणि आम्ही सगळे सांगलीला निघालो.

हॉल खच्चून भरलेला. सरांच्या डोळ्यांवर काळी पट्टी. एकाने पिशवीतून काहीतरी काढून त्यांच्यासमोर धरलं. "ओळखा!"

सर लगेच म्हणाले, "भडंग."

टाळ्यांचा कडकडाट! सरांनी दोन्ही हात वर केले. "थांबा, थांबा! टाळ्या नकोत. मला दिसलं नाही. वास आला. लसूण चांगली परतलीय." लोक हसले, पण माणूस त्यांना आवडला.

मग एक गृहस्थ उठले. चमत्कारांचं पितळ उघडं पाडणारे म्हणून त्या भागात माहीत असलेले. हातात स्टीलचा डबा, त्याला सगळीकडून चिकटपट्टी, वर लाखेचं सील. म्हणाले, "या डब्यात काय आहे ते सांगा. चुकलात तर हा वर्ग बंद करायचा. कबूल?"

ह्यांनी माझा हात घट्ट धरला. सर कबूल म्हणाले. साधा माणूस, दुसरं काही म्हणायचं सुचलंच नसावं.

सर बसले. कपाळावर घाम. मी मनात म्हणत होते, सर, काहीतरी ठोका! सुपारी म्हणा, नाणं म्हणा!

सरांनी पट्टी सोडली. चेहरा पडलेला. हात जोडून म्हणाले, "माफ करा. खोटं बोलणार नाही. या डब्यात मला काही म्हणजे काहीच दिसत नाही."

मंडळाच्या अध्यक्षांनी सील फोडलं, झाकण उघडलं आणि डबा लोकांकडे वळवला.

डबा रिकामा!

सापळा लावला होता त्यांनी. काहीही नाव घेतलं असतं तरी सर फसले असते. हॉल उसळला. लोक खुर्च्यांवर चढले. सर ओरडून सांगताहेत, "अहो, मला खरंच दिसलं नाही! दिसलं नाही म्हणून म्हटलं!" पण ऐकतंय कोण? गळ्यात हार, हातात नारळ, आणि सगळ्यात पुढे वाकून नमस्कार करणारे कोण, तर तेच डब्यावाले गृहस्थ!

परतीच्या वाटेवर सर कराड गेल्यावर एकदाचे बोलले. "माई म्हणत होती, जाऊ नका. माणसानं खरं बोलावं तरी किती जपून!"

*

शेवटचा सांगते. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

सुभेदारांचा मुलगा दिलीप फौजेत. त्या उन्हाळ्यात तो वर बर्फाच्या मुलखात होता आणि तिकडे सीमेवर तणाव वाढला होता. दिलीपचं पत्र येईना. सुभेदारांच्या खोलीवर फोन नव्हता, म्हणून त्यांनी पलटणीत सरांच्या घरचा नंबर कळवून ठेवला होता. फोन वर माडीवर, खिडकीशी.

एका रविवारी ते आले ते बायकोला घेऊन. लक्ष्मीबाई. तिला आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. गावाकडून तडक आलेली, बारीक चणीची बाई. ती फोनशेजारी जाऊन भिंतीला टेकून बसली.

सरांना वर्ग घ्यायचं मन नव्हतं. पण सुभेदारच म्हणाले, "चालू द्या सर. पर एक विनंती हाय. दिलीपला कुनी बगायचं न्हाई. कुनी काय बोलायचं न्हाई." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. आम्ही माना हलवल्या आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने लक्ष्मीबाईचा आवाज आला. "आवं मास्तर, तुमी समदी डोळं झाकून काय करता?"

"बघतो आम्ही."

"काय दिसतं?"

सरांनी एकदा सुभेदारांकडे बघितलं. मग म्हणाले, "खरं सांगू का वहिनी? फारसं काही नाही."

"मग कशाला झाकता?"

"बरं वाटतं."

"मग म्या बी झाकती," असं म्हणून तिने पदर सावरला, डोळे मिटले. दिलीपचं पत्र थांबल्यापासून ती झोपली नव्हती, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. आम्हाला वाटलं, बसल्या बसल्या डोळा लागेल बिचारीचा, तेवढंच बरं. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. माईंनी स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला.

"जेवाय बसलाय," लक्ष्मीबाई म्हणाली.

आमचे सगळ्यांचे डोळे उघडले.

"दाढी वाढलीया. डाव्या हातानं जेवतुया."

सुभेदार ताडकन उठले. "गप ऱ्हा! आमच्या घरात डाव्या हातानं कोन जेवत न्हाई!"

ती डोळे न उघडता म्हणाली, "जेवतुया खरं."

सुभेदार गॅलरीत जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. पाठ नेहमीसारखी ताठ नव्हती. ह्यांनी उठून त्यांच्याजवळ जायला पाऊल टाकलं, सरांनी मानेने नको म्हटलं. कमलमावशी लक्ष्मीबाईजवळ सरकल्या आणि तिचा हात हातात घेऊन बसल्या. त्या दिवशी चहा कुणाला गेला नाही.

पुढच्या रविवारी दुपारी, आम्ही निघायच्या बेतात असताना फोन वाजला. लांबचा कॉल, घंटा वेगळीच वाजते ना तशी. सरांनी उचलला आणि सुभेदारांच्या हातात दिला.

"जय हिंद," सुभेदार म्हणाले. मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग आवाज बदलला. "दिलीप? बोल रं. ... व्हय. ... व्हय. ... कुठल्या हास्पिटलात? ... कुठं लागलं? ... हातालाच नव्हं? बाकी समदं हाय ना जाग्यावर? ... देवा!" त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "कुठला हात? ... उजवा? ... प्लास्टर?"

त्यांनी लक्ष्मीबाईकडे बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "मग जेवतूस कसा?"

तिकडून काय उत्तर आलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. रिसीव्हर बायकोपुढे धरला. तिने तो उलटा पकडला, कमलमावशींनी सरळ करून दिला.

आम्हाला वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही. मुलाला हाक मारावी तशी, अंगणातून हाक मारावी तशी मोठ्यांदा म्हणाली, "आरं दिलीप, डाळ सांडतीया बग तुज्या अंगावर! मांडीवर टावेल घेत जा की."

सरांचा तो जुना फोन, त्यातलं बोलणं शेजारी बसलेल्यालाही ऐकू यायचं. आम्ही सगळे कान देऊन उभे. तिकडे नुसती खरखर. मग त्या खरखरीतून पोराचा आवाज आला.

"आये, तुला कुनी सांगितलं?"

"कोन सांगनार?" लक्ष्मीबाई म्हणाली. "दिसतंय की."